गजपंथाच्या वाटेवर : नाशिकचे चालणे आणि धावणे

कार्तिकी पौर्णिमा झाली की नाशिकमध्ये दोन प्रकारची पावले जवळजवळ एकाच वेळी रस्त्याला लागतात. चातुर्मासाची चार महिन्यांची स्थिरता संपवून साधू-साध्वी विहाराला निघतात. स्थानकांपुढे आणि उपाश्रयांपुढे निरोपाची गर्दी होते, आणि वेशीपर्यंत श्रावक-श्राविका पायी सोबत करतात. त्याच दिवसांत हवेत गारवा येतो आणि थंडीतील शर्यतींच्या तयारीला लागलेले धावपटू पहाटेच्या अंधारात घराबाहेर पडतात. गोदावरीचा काठ, गंगापूर रोड, दिंडोरी रोड या वाटांवर दोघांची गाठ पडते. एकाच्या पायात काही नसते, दुसऱ्याच्या पायात हजारो रुपयांचे बूट असतात. एकाची दृष्टी पुढच्या चार हात जमिनीवर, दुसऱ्याची मनगटावरच्या घड्याळावर. दोघेही दमलेले असतात आणि दोघांनाही पुढे बरेच अंतर कापायचे असते.

दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळ लागते आणि त्याच्या पाठीशी गजपंथाची टेकडी उभी राहते. दिगंबर परंपरेत हे सिद्धक्षेत्र. सात बलभद्र आणि आठ कोटी यादव मुनी येथून मोक्षाला गेले, अशी श्रद्धा आहे. खडकात कोरलेल्या लेण्यांमुळे नाशिककर या डोंगराला चामर लेणी म्हणून ओळखतात. पायथ्यापासून वरच्या मंदिरांपर्यंत चारशेहून अधिक पायऱ्या आहेत. यात्रेकरूला त्या एकदा चढायच्या असतात; वाटेत दम लागला तर थांबायचे, वर पोहोचल्यावर पार्श्वनाथांपुढे बसायचे. अलीकडे मात्र या पायऱ्यांवर दुसरेही लोक दिसतात. ते पायऱ्या चढतात, उतरतात, पुन्हा चढतात. त्यांना दहा-वीस फेऱ्या करायच्या असतात, कारण पुढे कुठेतरी डोंगरातली पन्नास किंवा शंभर किलोमीटरची शर्यत त्यांची वाट पाहत असते.

वरून पाहणाऱ्याला दोघांचा घाम सारखाच दिसतो. फरक आहे तो आत, आणि तो मोजणारे घड्याळ अजून कोणी बनवलेले नाही. माणूस स्वतःच्या देहाला इतके का ताणतो, हा प्रश्न या टेकडीच्या पायथ्याशी जितका सहज सुचतो, तितका क्वचितच दुसरीकडे सुचेल.

पायांचा जिल्हा

नाशिक जिल्हा हा पूर्वीपासून पायी चालणाऱ्यांचा प्रदेश आहे. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या थंडीत चालत त्र्यंबकेश्वरी येतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी पावसात भिजत ब्रह्मगिरीची फेरी होते. हजारो माणसे रात्रीच निघतात आणि चिखलातून अनवाणी डोंगराला वळसा घालतात. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडाकडे निघालेले पदयात्री उन्हात डांबरी रस्त्याने चालत असतात. बागलाणात मांगी-तुंगीचे जोडसुळके आहेत. तेथे श्रीराम, हनुमान, सुग्रीव यांच्यासह नव्व्याण्णव कोटी मुनींचा मोक्ष झाल्याची दिगंबर श्रद्धा आहे. २०१६ मध्ये तेथे भगवान ऋषभदेवांच्या १०८ फूट उंचीच्या मूर्तीची प्रतिष्ठा झाली, तेव्हापासून यात्रेकरूंची संख्या वाढली. पण हजारो पायऱ्यांचा तो खडा चढ आहे तसाच आहे.

या सर्व चालण्यांत मुंबई-आग्रा महामार्गाचे स्थान वेगळे आहे. घोटी, इगतपुरी, कसारा घाट या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या साधू-साध्वींचे विहार होत आले. वाहनांचा वेग वाढला, रस्ता रुंद झाला, परंतु विहाराचा वेग बदलला नाही. दिवसाला दहा-पंधरा, कधी वीस-पंचवीस किलोमीटर, वर्षातले आठ महिने, आयुष्यभर. एखाद्या साध्वीजींनी दीक्षेनंतरच्या चाळीस वर्षांत किती किलोमीटर कापले, याचा हिशेब कोणी मांडत नाही. मांडला तर जगातल्या कितीतरी नामवंत धावपटूंचे आकडे त्यापुढे लहान दिसतील. पण हिशेब न मांडणे हेच त्या चालण्याचे मर्म आहे.

याच रस्त्याने ६ मार्च २०१८ रोजी आणखी एक चाल निघाली. नाशिकच्या सीबीएस चौकातून हजारो शेतकरी मुंबईकडे चालू लागले. त्यांत वनजमिनीवरील हक्क मागणारे आदिवासी मोठ्या संख्येने होते. कित्येकांच्या पायांत तुटक्या चपला होत्या, कित्येकांच्या पायांत त्याही नव्हत्या. सुमारे १८० किलोमीटर चालून ते ११ तारखेला मुंबईत पोहोचले. दुसऱ्या दिवशी दहावीच्या परीक्षेचा पेपर होता. सकाळी रस्ते अडले तर मुलांचे हाल होतील, म्हणून दिवसभर चालून आलेली ती माणसे विश्रांती न घेता रात्रीच पुन्हा उठली आणि पहाटेपूर्वी आझाद मैदानात जाऊन बसली. सोललेल्या तळव्यांनी चाललेले ते शेवटचे काही किलोमीटर दुसऱ्यांच्या मुलांसाठी होते. मागण्यांविषयी कोणाचे काहीही मत असो, त्या रात्रीच्या चालण्यापुढे मुंबईने मान झुकवली आणि लोक घरातल्या चपला घेऊन मैदानावर आले.

सावरपाड्याची वाट

या आदिवासी पट्ट्यातच, हरसूलजवळ, सावरपाडा नावाची वस्ती आहे. पाऊस येथे धो धो पडतो आणि उतारावरून वाहून जातो. उन्हाळा आला की पाण्यासाठी बायकांना डोंगर उतरावे लागतात. १९८५ मध्ये जन्मलेल्या कविता राऊत यांचे बालपण याच वाटांवर गेले. पाण्याला पायी, शाळेला पायी, आणि बहुतेक वेळा अनवाणी. शाळेतल्या खेळांपैकी धावण्याकडे त्या वळल्या, कारण धावायला काहीच विकत घ्यावे लागत नव्हते. नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदर सिंग यांनी या पायांतली ताकद ओळखली आणि त्यांना घडवले.

ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविता राऊत यांनी १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवरील वैयक्तिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. पुढच्याच महिन्यात चीनमधील ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत त्याच अंतरासाठी रौप्य आणि ५,००० मीटरसाठी कांस्य त्यांनी जिंकले. २०१२ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचे सुवर्ण आणि त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये सहभाग, असा हा प्रवास झाला. वृत्तपत्रांनी त्यांना ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हटले. त्यांच्यामागून संजीवनी जाधव, मोनिका आथरे अशा मुली नाशिकच्याच मातीतून राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय शर्यतींत उतरल्या.

या कथेचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता येणार नाही. पाण्यासाठी डोक्यावर हंडा घेऊन डोंगर चढणे हा कोणाचा छंद नव्हता. परिस्थितीने लादलेले कष्ट आणि समजून-उमजून स्वीकारलेले कष्ट यांत जैन तत्त्वज्ञानाने फार पूर्वी भेद केला आहे. नाइलाजाने सोसलेल्या भूक, तहान, थंडी-उन्हातून होते ती अकाम निर्जरा; विवेकाने, आत्मशुद्धीसाठी स्वीकारलेल्या तपातून होते ती सकाम निर्जरा. सावरपाड्याच्या एका मुलीने लादलेल्या वाटेचे रूपांतर निवडलेल्या वाटेत केले, हे तिचे कर्तृत्व. पण मागे राहिलेल्या शेकडो मुलींच्या डोक्यावरचा हंडा उतरवणे, हे पदकांच्या टाळ्यांपेक्षा मोठे काम आहे. भारतीय जैन संघटनेने महाराष्ट्रातील दुष्काळी गावांत यंत्रे पुरवून गाळ काढण्याची आणि जलसंधारणाची जी कामे केली, त्यांचे मोल या दृष्टीने पाहावे. दुसऱ्याचे अंतर कमी करणे हेही पुण्यच आहे.

निवडलेले अंतर

आता शहरातल्या धावणाऱ्यांकडे वळावे. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. त्यापुढचे प्रत्येक अंतर ‘अल्ट्रा’ या नावाखाली येते : पन्नास किलोमीटर, शंभर किलोमीटर, शंभर मैल, किंवा बारा आणि चोवीस तासांत जितके धावता येईल तितके. नाशिकची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर, हवा कोरडी आणि थंड, सभोवती डोंगर. त्यामुळे दमसासाचे खेळ येथे रुजले. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी २०१५ मध्ये सायकलवरून अमेरिका पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडण्याची सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. ही शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, नाशिकमध्ये राहणारे लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय. या घटनांनंतर नाशिकमध्ये पहाटे सायकल आणि बूट घेऊन बाहेर पडणाऱ्यांत डॉक्टर आले, वकील आले, आणि दुकाने सांभाळणारे व्यापारीही आले.

यांना कोणी पाठवलेले नाही. घरात नळाला पाणी आहे, दारात गाडी आहे. मग हे का धावतात?

जगातल्या जुन्या अल्ट्रा शर्यतींच्या जन्मकथा पाहिल्या तर उत्तरे वेगवेगळी मिळतात. दक्षिण आफ्रिकेतील ‘कॉम्रेड्स मॅरेथॉन’ २४ मे १९२१ रोजी सुरू झाली. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या रणात शेकडो कोस चाललेल्या व्हिक क्लॅपहॅम या सैनिकाला आपल्या मृत सोबत्यांचे स्मारक हवे होते; दगडाचे नव्हे, तर देहाला त्या यातनांची आठवण करून देणारे. पहिल्या वर्षी ३४ जण धावले आणि १६ जणांनी शर्यत पुरी केली. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांमधले सुमारे ९० किलोमीटरचे ते अंतर आज हजारो लोक धावतात.

फौजासिंग यांची गोष्ट शोकाची आहे. पत्नी गेली, मग डोळ्यांदेखत मुलगा गेला, आणि ऐंशी ओलांडलेल्या या पंजाबी शेतकऱ्याने दुःखाचा भार हलका करण्यासाठी परदेशात धावायला सुरुवात केली. २००० मध्ये, ८९व्या वर्षी, त्यांनी लंडन मॅरेथॉन पूर्ण केली. २०११ मध्ये टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली तेव्हा ते स्वतःला शंभर वर्षांचे म्हणत. ते आयुष्यभर शाकाहारी होते. अमेरिकेचा स्कॉट ज्युरेक हाही केवळ वनस्पतिजन्य आहारावर शंभर मैलांची ‘वेस्टर्न स्टेट्स’ शर्यत सलग सात वेळा जिंकला. शाकाहाराने ताकद येत नाही, असे म्हणणाऱ्यांना ही दोन नावे पुरेशी आहेत.

सर्वांत विलक्षण शर्यत न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात होते. बंगालमध्ये जन्मलेले आणि अरविंद आश्रमात वाढलेले श्री चिन्मय यांनी ती सुरू केली. अंतर ३,१०० मैल, म्हणजे जवळजवळ पाच हजार किलोमीटर. मुदत ५२ दिवसांची. हे सारे अंतर एकाच इमारतसमूहाभोवतीच्या ८८३ मीटरच्या पदपथावर कापायचे, म्हणजे साडेपाच हजारांहून अधिक फेऱ्या. तेथे ना निसर्गसौंदर्य, ना गर्दी. स्वतःच्या मर्यादेपलीकडे जाणे एवढाच तिचा घोषित हेतू. मंदिराला प्रदक्षिणा घालणाऱ्याला ही कल्पना परकी वाटणार नाही.

नाशिकच्या व्यापारी पेठेतला चाळिशीचा माणूस पहाटे चारला उठून धावायला जातो, तेव्हा त्याच्या मनात इतके काही असतेच असे नाही. व्यापारात कोणतेच काम पुरते संपत नाही. उधारी येणे बाकी, माल येणे बाकी, कराची तारीख पुढे, भागीदाराचा रुसवा मागे. तीस किलोमीटर मात्र संपतात. त्या वेळात फोन वाजत नाही, कोणी भाव विचारत नाही. शरीर दमते आणि मन स्वच्छ होते. कोणाला मधुमेहाची भीती असते, कोणाला व्यसन सोडायचे असते, कोणाला पन्नाशीच्या उंबरठ्यावर आपण अजून संपलो नाही हे स्वतःला दाखवायचे असते. आणि कोणाला, खरे सांगायचे तर, ते इतरांना दाखवायचे असते.

तप आणि पराक्रम

येथे जैन वाचकाला एक तुलना सुचतेच. अल्ट्रा धावणे हे आधुनिक तप आहे का? बाह्य तपाच्या सहा प्रकारांत कायक्लेश आहेच. आपल्याकडील काही यात्रा तर कोणत्याही शर्यतीला मागे टाकतील अशा आहेत. पालीताण्याला शत्रुंजयावर ‘चौविहार छठ करून सात यात्रा’ करण्याची परंपरा आहे : दोन दिवसांचा निर्जळ उपवास आणि त्या दोन दिवसांत गिरिराजाच्या साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्यांवरून सात वेळा चढणे-उतरणे. अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. जपानमध्ये क्योतोजवळच्या हिएई पर्वतावर तेंदाई पंथाचे बौद्ध भिक्षू सात वर्षांत मिळून एक हजार दिवस डोंगरातून चालतात. सुरुवातीला रोज सुमारे ३० किलोमीटर, शेवटच्या वर्षी काही काळ रोज ८४. मध्ये नऊ दिवस अन्न, पाणी आणि झोप यांशिवाय मंत्रजप करत बसावे लागते. १८८५ पासून हे व्रत पुरे करणारे भिक्षू पन्नासही नाहीत.

कष्टाचे प्रमाण पाहिले तर या साऱ्यांत साम्य आहे. परंतु जैन शास्त्रकारांनी तपाची किंमत कष्टाच्या प्रमाणावर ठरवलेली नाही. त्यांनी हेतू पाहिला. तपाच्या बदल्यात काही मिळावे अशी इच्छा धरणे, याला त्यांनी ‘निदान’ म्हटले आणि माया व मिथ्यादर्शन यांच्यासोबत शल्यांत त्याची गणना केली. शल्य म्हणजे पायात रुतलेला काटा. काटा घेऊनही माणूस पुष्कळ चालू शकतो. पण प्रत्येक पावलाला तो अधिक आत जातो.

म्हणून धावणे हे तप आहे, असे सरसकट म्हणणे योग्य नव्हे. पदकासाठी, प्रकृतीसाठी, आनंदासाठी धावणे यात दोष काही नाही. त्याला त्याच्या नावाने ओळखावे इतकेच. आणि उलट बाजूही प्रामाणिकपणे पाहावी. अठ्ठाई किंवा मासखमण झाल्यावर निघणारा वरघोडा, छापलेल्या पत्रिका, चौकातले फलक यांमागे अनुमोदनाचा शुद्ध भाव असतो, तसा कधी मानाचा सूक्ष्म अंशही शिरतो. धावणाऱ्याने शर्यत संपताच मोबाइलवर टाकलेले छायाचित्र आणि घराण्याने तपस्व्याच्या नावाने लावलेला फलक यांत फरक राहतो तो केवळ भावाचा. तो भाव ज्याचा त्यानेच तपासायचा असतो.

बाहुबलींची कथा प्रत्येक जैन घरात सांगितली जाते. श्वेतांबर परंपरेतील कथेनुसार बाहुबली वर्षभर कायोत्सर्गात उभे राहिले. वेली अंगावर चढल्या, पक्ष्यांनी घरटी केली. सहनशक्तीचा याहून मोठा दाखला कोणता? तरीही केवलज्ञान होईना. आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन कसे करावे, एवढा एक विचार आत उरला होता. ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी आल्या आणि भावाला म्हणाल्या, हत्तीवरून खाली उतर. बाहुबलींना अर्थ कळला. भावांना वंदन करण्यासाठी त्यांनी पाऊल उचलले आणि त्याच क्षणी केवलज्ञान झाले. वर्षभराच्या उभे राहण्याने जे दिले नाही, ते एका पावलाने दिले.

देहाची मर्यादा

हेतू शुद्ध असो वा नसो, देहाचे नियम सर्वांना सारखे आहेत. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत एकाएकी गारा, पाऊस आणि बर्फाळ वारा सुटला. पातळ कपड्यांत धावणारे २१ जण गारठून मृत्युमुखी पडले. त्यांत देशातले अव्वल धावपटू होते. एका मेंढपाळाने आपल्या गुहेत शेकोटी पेटवून सहा जणांना वाचवले. त्या दिवशीची सर्वांत मोठी कामगिरी जो शर्यतीत नव्हता त्याची होती.

आपल्याकडील धोके अधिक साधे आणि म्हणूनच अधिक दुर्लक्षित असतात. फार लांब धावताना स्नायूंची मोडतोड होऊन मूत्रपिंडावर ताण येतो. लघवीचा रंग गडद चहासारखा झाला तर तत्काळ रुग्णालय गाठावे. धावताना वेदनाशामक गोळी घेणे त्यासाठीच घातक. पाणी कमी पडणे जसे वाईट, तसे क्षार न घेता नुसतेच पाणी पीत राहणेही वाईट. रक्तातील सोडियम घटून माणूस बेशुद्ध होऊ शकतो. चाळिशीनंतर, विशेषतः घरात हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर, तपासणीशिवाय लांब अंतराला हात घालू नये.

जैन धावपटूपुढे काही वेगळे प्रश्नही असतात. पहाटे चारला सुरू होणारा सराव आणि नवकारसीचे पच्चक्खाण यांचा मेळ कसा घालावा? नवकारसी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येते. तेव्हा निर्जळ धावणे तास-दीड तासापुरते मर्यादित ठेवावे आणि लांब सराव नवकारसीनंतर, हिवाळ्याच्या सकाळी करावा. रात्रभर चालणाऱ्या शर्यती चौविहार पाळणाऱ्यासाठी नाहीत, हे मोकळेपणाने मान्य करावे. दिवसाच्या शर्यती पुष्कळ असतात. बाजारात मिळणाऱ्या शक्तिवर्धक जेलमध्ये आणि गोळ्यांमध्ये कधी मध असतो, कधी जिलेटिन. पाकीट वाचून घ्यावे. खजूर, केळी, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खाखरा आणि मीठ-साखरेचे पाणी एवढ्यावर उत्तम भागते. उपवासाच्या दिवशी मात्र लांब धावू नये. तप करताना तपच करावे. दोन्हींचा एकदम विक्रम करण्याची इच्छा झाली, तर तेथेच निदान डोकावते.

आणि मुलांविषयी. २००६ मध्ये ओडिशात बुधिया सिंग नावाचा चार वर्षांचा मुलगा पुरीपासून भुवनेश्वरपर्यंत ६५ किलोमीटर धावला आणि देशभर गाजला. पुढे शासनाने त्याच्या अशा धावण्यावर बंदी घातली. पाय त्या बालकाचे होते. हेतू कोणाचा होता? मुलाला शर्यतीत उतरवताना, आणि तितकेच मुलाला मोठे तप करू देताना, हा प्रश्न आई-वडिलांनी स्वतःला एकदा विचारावा.

विहारासंबंधीही एक कर्तव्य उरते. साधू-साध्वी ईर्यासमितीने चालतात; जीव वाचवण्यासाठी त्यांची दृष्टी जमिनीवर असते, मागून येणाऱ्या ट्रककडे नव्हे. महामार्गांवर विहारातील अपघातांच्या बातम्या दरवर्षी येतात. पहाटे धावणाऱ्या तरुणांकडे चमकणारे पट्टे असतात, दिवे असतात, रस्त्याची सवय असते. आठवड्यातील एखादा सराव त्यांनी विहारसेवेला जोडावा. समुदायाच्या पुढे आणि मागे दिवा घेऊन चालावे. वेग कमी होईल, घड्याळातला आकडा बिघडेल. पण त्या सकाळी अंतर कोणासाठी कापले, याचे उत्तर शोधावे लागणार नाही.

ऊन चढू लागते तसा म्हसरूळचा रस्ता वाहनांनी भरतो. दुकाने उघडण्याची वेळ झालेली असते. फेऱ्या संपवलेले धावपटू बूट सैल करत पायथ्याशी बसतात. एखादी वृद्धा नातवाचा हात धरून, एकेक पायरीवर विसावत, वरून उतरत असते. तिने आज एकदाच चढ चढला, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान आहे. पायऱ्यांवर दमून बसलेला धावपटू उठून तिला वाट देतो. आजी थांबतात आणि त्याला जयजिनेंद्र करतात. क्षेत्राचे नाव गजपंथ, नावातच हत्ती आहे. येथे जो कोणी चढतो, त्याला शेवटी पायीच उतरावे लागते.